सगळा वर्ग हिरवा

अवंतीने प्रश्न विचारणे बंद केले, तेव्हा घरात सुरुवातीला सगळ्यांना बरेच वाटले.

एरवी या मुलीच्या तोंडाला विश्रांती म्हणून नसे. उत्तरायणाला गच्चीवर पतंग चढवताना तिला वारा नेमका कुठून सुरू होतो हे जाणून घ्यायचे असे. शेव-उसळीच्या गाडीवर सगळे नाक पुसत खात असले की ही मध्येच विचारी, "पोपट तर आख्खी मिरची खातो, मग त्याला का नाही झोंबत?" गाडीवाला हसे, तिचे वडील देवेश हसत, आणि आई मुग्धा म्हणे, "आधी खा बाई, रस्सा निवतोय."

आता ती सातवीत होती आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदम गप्प झाली होती. जेवताना गप्प, रिक्षात गप्प. शेजारच्या काकू बडोद्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत कौतुकाने म्हणाल्या, "शहाणी झाली हं तुमची अवंती! आमच्या धिंगाणेखोराला जरा शिकव म्हणावं ने." मुग्धानेही ते कौतुक म्हणूनच घेतले. आपणही घेतलेच असते. मूल गप्प बसले की ते शहाणे झाले, असे आपण घरोघरी धरूनच चालतो.

एकट्या आजीला, देवेशच्या आई विमलाताईंना, त्या गप्प बसण्याची भीती वाटत होती.

विमलाताईंनी बडोद्याच्या एका मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवले. त्यांचे माहेर घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या एका गल्लीत. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि नातवंडांना गोळा करून जुन्या गोष्टी सांगत. मुलीला शाळेत धाडले नाही तर त्या काळी बडोद्यात दंड होई. "पण दंड बापाला बरं का, पोरीला नाही!" असे म्हणून म्हातारा मिशीत हसे. विमलाताई स्वतः शिकल्या त्या पोळातल्या शाळेत बाके मोडकी होती, पावसाळ्यात भिंतीला ओल येई, पण वर्गाचा गलबला नाक्यापर्यंत ऐकू जाई. पुढे स्वतः बाई झाल्यावर विमलाताईंनी आपल्या वर्गात तो गलबला कधी पूर्ण थांबू दिला नाही. वर्ग अगदीच चिडीचूप झाला की त्या फळ्याकडून वळून विचारत, "काय गं, काय लपवताय?"

अशात एके दिवशी सकाळी कंगवा घ्यायला त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दारातच थबकल्या.

अवंती शाळेचा गणवेश घालून आरशासमोर ताठ बसली होती. डोळे टक्क उघडे. गालांवरून पाणी ओघळत होते, पण ती पापणी लवू देत नव्हती. मान जराही हलत नव्हती. क्षणभर विमलाताईंना वाटले, पोरीला काहीतरी झटका आला आहे.

"अवंती! अगं काय होतंय तुला?"

अवंती दचकली. बाहीने तोंड पुसून म्हणाली, "काही नाही, आज्जी. सराव करतेय."

"कसला? रडायचा?"

"डोळे न मिटायचा. सारखे मिटले की पिवळं होतं. आणि मान वळली की लाल."

विमलाताई पलंगावर टेकल्या. "आणि खोकला आला तर?"

"दाबून ठेवायचा. फळ्यावरचा दिवा बंद झाला ना, की मग सगळा वर्ग एकदम खोकतो. बोलतो पण तेव्हाच. टीचर म्हणतात, माकडं सुटली." अवंती थोडी हसली. मग लगेच तिने दाराकडे पाहिले. "मम्मीला नको सांगूस हं. तिला वाईट वाटेल. तिचं मशीन आहे ने ते."

ते मशीन खरोखरच तिच्या आईचे होते.

डॉक्टर मुग्धा दिघे शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होत्या. मुलांना विज्ञान आणि गणित कसे शिकवावे, त्यात तंत्रज्ञानाने कुठवर हात द्यावा, आणि हे सगळे करताना माणुसकी कशी सांभाळावी, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यावर त्यांनी पुष्कळ लिहिले होते, भाषणे दिली होती. आणि त्यातूनच त्यांनी 'लक्षदीप' तयार केला होता. फळ्याच्या वर एक कॅमेरा, त्याखाली एक छोटा दिवा. दिवा लागला की कॅमेरा प्रत्येक मुलाची नजर आणि मान पाहू लागे. मुलाचे लक्ष असले की पडद्यावर त्याच्या नावाचा चौकोन हिरवा, चुळबुळ झाली की पिवळा, लक्ष उडाले की लाल.

मुग्धाचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवे. ती जवळच्या डभोई गावची. तिथल्या शाळेत गणिताच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसे. वर्गात मुले खच्चून भरलेली. या मुलीला बीजगणितातले काहीच कळत नाही, हे वर्षभर कोणाच्या लक्षातही आले नाही. ते एकटेपण ती विसरली नव्हती. आपल्या यंत्राने शेवटच्या बाकावरचे मूलही बाईंना दिसावे, एवढीच तिची इच्छा होती. रंग फक्त शिकवणाऱ्या बाईंनी पाहायचे आणि लाल मुलाला पुन्हा समजावून सांगायचे, असे ठरले होते.

पण दिवाळीनंतर लक्षदीप अवंतीच्या शाळेत लागला, आणि शाळेने आधी ते रंग पालकांच्या मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. मग मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मोठा पडदा लागला. दर वेळी मुग्धाला विचारले गेले, आणि दर वेळी ती म्हणाली, "चालेल. सगळ्यांना कळलं तर बरंच."

नाश्त्याच्या टेबलावर विमलाताईंनी विषय काढलाच.

"मुग्धा, पोर आरशासमोर बसून डोळे ताणत होती."

मुग्धाने अवंतीकडे पाहिले. अवंती बशीतल्या पोह्यांकडे पाहू लागली.

"आई, आज पाहुणे येणार आहेत ना, म्हणून जरा टेन्शन असेल," मुग्धा म्हणाली. त्या दिवशी आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक कॉलेजात जमणार होते. अवंतीच्या वर्गाचा प्रयोगशाळेतला तास त्यांना तिथल्या पडद्यावर दाखवायचा होता. पसंत पडले तर लक्षदीप त्यांच्याही शाळांत लागणार होता.

देवेश नंदेसरीच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीची बस गाठायच्या घाईत तो उभ्यानेच चहा पीत होता. "माझ्यावर लाव ने एकदा ते मशीन, आमच्या सोमवारच्या मीटिंगला. लाल रंग संपेल बघ तुझा!"

कोणी फारसे हसले नाही. इतक्यात त्याचा मोबाईल टिंग वाजला. दूधवाल्याचा निरोप होता. पण त्या आवाजासरशी अवंतीच्या हातातला चमचा खाली पडला आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"बघितलंस?" विमलाताई हळूच म्हणाल्या.

"आई, नुसते रंग आहेत हो ते. कोणी मारतंय का तिला?"

"ताप मोजायचं यंत्र चांगलंच असतं गं. पण ताप निघाला की घरातले सगळे रागावतात, हे एकदा पोराला कळलं ना, की ते थर्मामीटर काखेत नीट धरतच नाही. मग आकडा चांगला येतो आणि ताप आतच राहतो."

"तिचं लक्ष वाढलंय, आई. आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही बोलत. घाबरलेली पोरं बोलतात. आणि ती मान न हलवतासुद्धा खोटं बोलू शकतात."

मुग्धा पर्स उचलून म्हणाली, "तुम्ही आज माझ्याबरोबर कॉलेजात चलाच. डोळ्यांनी बघा. मग बोलू."

कॉलेजच्या सभागृहात पुढच्या रांगेत विमलाताईंना खुर्ची मिळाली. शेजारी अवंतीच्या शाळेचे मुख्याध्यापक धवलभाई होते. गोरेपान, हसतमुख, नवा कोट घातलेला माणूस. "आवो आवो, बा!" म्हणून त्यांनी विमलाताईंना नमस्कार केला.

समोरच्या मोठ्या पडद्यावर प्रयोगशाळा उजळली. मुले ओळीने बसली होती. पौषातली थंडी, त्यामुळे पंखे बंद. खिडक्याही बंद, वर जाड पडदे. बाहेरच्या उजेडाने कॅमेऱ्याला नजर नीट वाचता येत नाही. शिक्षिका नयनाबेन मोठ्या टेबलामागे उभ्या होत्या. नाक लाल झालेले, हातात रुमाल. त्यांच्या पुढे बर्नर होता. आवाज येत नव्हता. कॅमेरा फक्त पाहत असे. ऐकायची सोय त्यात केलेलीच नव्हती.

सुरुवातीला एकदोन चौकोन पिवळे झाले. मग एकेक करून सारे हिरवे. बघता बघता सगळा पडदा शेतासारखा हिरवागार झाला आणि तसाच राहिला.

"अरे वाह! आखो क्लास ग्रीन!" धवलभाई म्हणाले. सभागृहात टाळ्या पडल्या. डभोईहून आलेले एक मुख्याध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "आमचा सातवीचा वर्ग असा दोन मिनिटं बसला तर मी पेढे वाटीन."

मुग्धाचा चेहरा फुलला. असा निकाल तिने आजवर पाहिला नव्हता.

विमलाताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्या चौकोनांकडे बघतच नव्हत्या, मुलांच्या तोंडांकडे बघत होत्या. जन्मभराची सवय! त्यांना काहीतरी खुपत होते आणि काय ते कळत नव्हते. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने शर्टाची कॉलर हळूच नाकावर ओढली. त्याचा चौकोन पिवळा झाला. त्याने झटकन कॉलर सोडली, मान सरळ केली. पुन्हा हिरवा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तळहात नाकाशी नेला. पिवळा. हात खाली. हिरवा.

"मुग्धा," विमलाताई उठून तिच्याजवळ गेल्या, "सगळ्यांची तोंडं उघडी का आहेत?"

"एकाग्र झाली की राहतात, आई."

"सगळ्यांची? एकदम? अगं, पोरं नाकाने श्वास घेत नाहीयेत!"

मुग्धाने समोरच्या लॅपटॉपवरून चित्र मोठे केले. अवंती दिसली. टक्क उघडे डोळे, गालांवर पाणी, दगडासारखी मान. नाव हिरवे. आणि तिची नजर फळ्यावर नव्हती. नयनाबेनच्या हातावर होती. प्रत्येक मुलाची नजर त्या हातावरच खिळली होती.

मुग्धाने चित्र सरकवले. शेवटच्या बाकाखाली गॅसची रबरी नळी तोटीवरून निसटून जमिनीवर लोंबत होती. आणि नयनाबेनच्या हातात काडेपेटी होती.

"गॅस..." मुग्धाच्या तोंडून धड शब्द फुटेना. "आई, तिथे गॅस सुटलाय!"

"नयनाला वास कसा येत नाही?" विमलाताई ओरडल्या. मग त्यांना तो रुमाल आठवला. "सर्दी आहे तिला! फोन करा! कोणीतरी फोन करा!"

वर्गात फोन न्यायचा नाही, हा धवलभाईंचाच नियम. नयनाबेनचा फोन खाली स्टाफरूममध्ये होता. धवलभाईंनी शाळेच्या कचेरीत फोन लावला. घंटी वाजत राहिली. कचेरी तळमजल्यावर, प्रयोगशाळा सर्वांत वर. कोणी उचलला, तरी जिने चढून जाणार कधी?

पडद्यावर नयनाबेन काहीतरी समजावून सांगत होत्या. त्यांनी काडेपेटी उघडली. काडी काढली, पण ओढली नाही. ती हातात धरूनच बोलत राहिल्या. आणि सगळा वर्ग बघत होता, हिरवागार. एकानेही हात वर केला नाही. एकही मूल जागचे उठले नाही.

"बोला ना रे!" मुग्धा पडद्याकडे बघून किंचाळली. "अवंती, बोल ना! उठ! ओरड!"

पडदा कसा ऐकणार? पाहुण्यांमधले कोणी उभे राहिले, कोणी डोळे झाकले.

विमलाताईंनी सुनेचा दंड घट्ट पकडला. "मुग्धा, तो दिवा विझव. दिवा असेपर्यंत ही पोरं बोलणार नाहीत. दिवा गेला की बोलतात. अवंतीने सांगितलं मला आज सकाळी!"

मुग्धाने त्यांच्याकडे पाहिले. दिवा विझवायचा म्हणजे लक्षदीप बंद करायचा. तो बंद केला की हा पडदाही जाणार. मग तिथे काय होते आहे, ते दिसणारच नाही. काडी पेटली का, मुले पळाली का, आपली मुलगी आहे की नाही, काहीच कळणार नाही. त्या क्षणी पडद्यावरचा तो छोटासा चेहरा एवढाच तिच्या हाती उरलेला धागा होता, आणि तोच तिला स्वतःच्या हाताने तोडायचा होता.

तिने बटण दाबले.

पडदा काळा झाला.

मुग्धा त्या काळ्या पडद्यासमोर उभी होती आणि तिला त्यात काहीच दिसत नव्हते. असे भय माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी वाटते. देवाचे नाव घ्यायचेही सुचत नाही.

मग सगळे धावले. धवलभाईंची गाडी दारातच होती. मुग्धा आणि विमलाताई मागे बसल्या. मांडवीकडे नेहमीची गर्दी, रिक्षा, हातगाड्या, लग्नाच्या खरेदीला निघालेल्या बायका. धवलभाईंनी हॉर्नवरचा हात काढला नाही. मुग्धा खिडकीबाहेर आकाश शोधत होती. धूर दिसतो का? घरांच्या वर एक काळा पट्टा दिसला आणि तिने विमलाताईंचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तो पतंगाचा तारेत अडकलेला कागद होता.

शेवटी शाळेच्या कचेरीतून कोणीतरी फोन उचलला. धवलभाईंनी आवाज मोठा केला.

"सर! वरून आवाज येतोय, सर! लॅबमधून फार मोठा आवाज..." आणि फोन तुटला.

मुग्धाने तोंडावर हात दाबला. धवलभाईंच्या कपाळावरून थंडीतही घाम ओघळू लागला.

"कसला आवाज?" विमलाताईंनी विचारले. "अहो, कसला आवाज ते विचारा ना परत!"

परत फोन लागला नाही.

फाटकातून गाडी आत वळली आणि तो आवाज त्यांच्या कानांवर आला. मुले ओरडत होती. खोकत होती, रडत होती, एकमेकांना हाका मारत होती. सगळे मैदान त्या कल्लोळाने भरले होते. कोणी कडेला ओकत होते, कोणी नळाखाली डोके धरले होते. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"ओरडतायत!" विमलाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "ओरडू दे! ओरडतायत म्हणजे आहेत!"

पायरीवर नयनाबेन बसल्या होत्या. न पेटवलेली काडी अजून त्यांच्या चिमटीतच होती. त्या म्हणाल्या, "दिवा गेला, बेन, आणि सगळी पोरं एकदम उठली. टीचर, गॅसनी वास आवे छे! टीचर, काडी ओढू नका! एकाने तर माझा हातच धरला. आणखी जरा उशीर झाला असता तर..." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला वास आला नाही, नाक बंद होतं. पण पोरांचे चेहरे मला दिसले होते. मला वाटलं, पाहुणे बघतायत म्हणून घाबरलीत. मीही घाबरले होते. एक चौकोन जरी लाल झाला तर सरांना काय सांगू, हेच माझ्या डोक्यात!"

मुग्धाला अवंती सापडली. ती भिंतीला टेकून उभी होती, गॅसने मलूल झालेली, पण धडधाकट. मुग्धाने तिला उराशी धरले, सोडले, तिचे हातपाय चाचपले, पुन्हा उराशी धरले.

"तुला वास आला होता का गं?"

"आधीच आला होता. सगळ्यांनाच आला होता."

"मग बोलली का नाहीस, राणी? का नाही बोललीस?"

अवंतीने आईकडे बघितले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तू बघत होतीस ना."

मुग्धा मटकन खाली मातीतच बसली. माणसाला पाहणे म्हणजे त्याची काळजी घेणे, असे ती वर्षानुवर्षे लिहीत आली होती. आज तिच्याच मुलीने तिला सांगितले की आईच्या पाहण्यापायी ती मरायलाही तयार होती! कुठे चुकले हे सगळे? यंत्राने काय चूक केली होती? त्याने तर नजर बरोबर मोजली होती. मुलांनी मान हलवली नव्हती हेही खरेच होते. चुकली होती ती माणसे. रंगाला बक्षीस दिले, रंगाला शिक्षा दिली, आणि रंगामागच्या मुलाला 'काय झाले बाळ' म्हणून विचारायचे राहून गेले.

धवलभाई जवळ आले. त्यांचा रंग अजून परतला नव्हता, पण त्यांनी स्वतःला सावरले होते. "मुग्धाबेन, देवाची कृपा. काही झालं नाही ने. नळी आजच बदलून टाकू. पाहुण्यांना मी सांगतो, टेक्निकल प्रॉब्लेम हतो. मशीन तर एकदम बरोबर चालत होतं."

"हो," मुग्धा उठून उभी राहिली. "मशीन बरोबर चालत होतं. तेच तर सांगायचंय मला त्यांना."

"म्हणजे?"

"नळी बदलून नाही भागणार, धवलभाई. मी सभागृहात परत जाणार आहे. आपण सगळ्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या, ते त्यांना सांगणार आहे. गॅसमध्ये गुदमरणाऱ्या मुलांना आपण टाळ्या वाजवल्या! लक्षदीप कोणाच्याही शाळेत लागणार नाही. इथलाही उतरवायचा."

"अरे पण, बेन, एवढी वर्षांची तुमची मेहनत! बाहेरच्या देशांत अशी यंत्रं सगळीकडे येतायत. आपण मागे राहू."

मुग्धाने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण विमलाताई आधी बोलल्या. "धवलभाई, मी यंत्राच्या विरुद्ध नाही हं. माझ्या शाळेत पहिला सूक्ष्मदर्शक आला तेव्हा मी पोरींच्या आधी त्यात डोळा घातला होता. पण त्या यंत्रातून पोरी जग बघत होत्या. तुमच्या यंत्रातून जग पोरींकडे बघतंय. विज्ञान म्हणजे तरी काय हो? 'मला इथे काहीतरी चुकतंय असं वाटतं' असं न घाबरता म्हणणं. आज एवढ्या मुलांना वाटलं आणि एकाला म्हणता आलं नाही. त्या वर्गात विज्ञानाचा तास चालला होता, असं म्हणवतं का तुम्हाला?"

धवलभाईंनी नवा कोट काढून एका थरथरणाऱ्या मुलाच्या अंगावर घातला आणि ते त्याच्याशेजारी बसले.

पुढच्या आठवड्यात मुग्धा स्वतः त्या वर्गावर गेली. खिडक्यांचे पडदे काढून टाकले होते. फळ्यावरचा कॅमेराही नव्हता. तरी मुले ताठच बसली होती. भीती अशी एका दिवसात उतरत नाही. "तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?" असे मुग्धाने विचारले, तर कोणी बोलेना. अवंतीसुद्धा बोटे मोडत खाली बघत बसली. मुग्धा थांबून राहिली. तिने घाई केली नाही, कोणाचे नावही घेतले नाही.

बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक हात अर्धवट वर आला. आकांक्षा नावाची मुलगी होती.

"मॅम, तुम्ही दिवा बंद केला, तेव्हा तुम्हाला आम्ही दिसत होतो?"

"नाही. पडदा काळा झाला होता."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग तुम्हाला भीती नाही वाटली?"

"फार वाटली. एवढी कधीच वाटली नव्हती."

"मग बंद का केला?"

"कारण मला तुमच्याकडे बघायचं नव्हतं, आकांक्षा. मला तुम्ही बोलायला हवी होतात."

वर्गात थोडी कुजबुज झाली. कोणीतरी खोकले. मग दुसरा हात वर आला, मग तिसरा. आणि अवंतीने हात वर न करताच विचारले, "गॅसला स्वतःचा वास नसतो असं आज्जी म्हणते. मग तो वास त्यात कोण घालतं? आणि का?"

मुग्धा खडू घेऊन फळ्याकडे वळली. तिच्या पाठीमागे वर्गाचा आवाज वाढत गेला, आणि तिने तो वाढू दिला.

मंडळी, आपल्या मुलांच्या हाती उद्या आजच्याहून मोठी यंत्रे येणार आहेत. ती यावीत, मुलांनी ती शिकावीत, त्यांहून चांगली बनवावीत. पण मुलावर लक्ष ठेवणे आणि मुलाकडे लक्ष देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम यंत्राला जमेल, दुसरे आपल्यालाच करावे लागेल. ज्या घरात, ज्या वर्गात चूक बोलून दाखवायला भीती वाटते, तिथे कितीही गणित आणि विज्ञान शिकवा, आग लागायची वेळ आली तरी मुले गप्पच बसतील. तेव्हा आज संध्याकाळी मूल शाळेतून आले की मोबाईलवर त्याचे गुण, त्याचे रंग बघू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, "आज तुला काय कळलं नाही? आज तुला कशाची भीती वाटली?" आणि ते बोलू लागले की मध्ये बोलू नका.